गंजलेला रोटाव्हेटर, चार फुटी पाईप आणि खिशातली चावी

(भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

कोणी बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असेल, कोणी बांधावर बसून मोटारीवर लक्ष ठेवत ऐकत असेल. आजचा विषय गंज. आमच्या शेडच्या कोपऱ्यात आठ वर्षं पडून राहिलेला एक रोटाव्हेटर मी दीड महिना खपून चालू केला. त्यात काय चुकलं, काय जमलं, आणि तो मुळात आठ वर्षं पडून का होता, हे सगळं सांगणार आहे. शेवटचा भाग सांगायला मला जरा जड जाईल, पण तो सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

मी निफाड तालुक्यातला. द्राक्षबाग आहे. आमच्याकडे १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, मांडवाखालून जाणारा. त्याच्यामागे जोडायचा हा छोटा, साधारण तीन फुटी रोटाव्हेटर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरच्या मागून एक फिरता दांडा निघतो, त्याला पीटीओ म्हणतात. त्याला शाफ्ट जोडायचा. शाफ्ट गेअर बॉक्स फिरवतो, तिथून ताकद बाजूच्या केसमधल्या गेअरमधून खाली रोटरला जाते. रोटरवर इंग्रजी एल अक्षरासारखी पाती असतात. ती फिरली की माती भुसभुशीत होते, गवत मातीत मिसळतं. अवजार साधं आहे, पण त्यात ताकद खूप आहे.

भंगारवाला दारात

गेल्या एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकली आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भंगारवाल्याला बोलावलं. जुने ड्रिपचे पाईप, तुटके अँगल, आणि हा रोटाव्हेटर. अवजाराचं वजन दीडशे किलोच्या आसपास. भाव लागला ३० रुपये किलो. म्हणजे साडेचार हजार रुपये. तेवढ्याच मापाचा नवा घ्यायला गेलं तर साठ-सत्तर हजारांच्या पुढे.

मी मध्ये पडलो. म्हटलं, "आप्पा, राहू द्या. मी बघतो."

आप्पा म्हणाले, "काय बघतो? जाम झालंय ते. देऊन टाक."

मी आग्रह धरला त्याला कारण होतं वाफशाचं. पाऊस झाल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी अशी असते ते दोन-तीन दिवस. रोटाव्हेटर त्यातच फिरवायचा. आधी फिरवला तर माती लिंपते, नंतर फिरवला तर ढेकळं. आणि त्याच दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाला भाड्याचा ट्रॅक्टर हवा असतो. आमचा नंबर पाचव्या दिवशी. आठ वर्षं आम्ही पैसे देऊन उशीर विकत घेत होतो. घरचं अवजार शेडमध्ये, आणि आम्ही फोन करतोय, "भाऊ, आज येता का?"

आप्पा एवढंच म्हणाले, "तुला करायचं ते कर. मी त्याला हात लावणार नाही." आणि निघून गेले. भंगारवाला पाईप घेऊन गेला.

पहिला दिवस, पहिली चूक

यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहून मी तयार. रोटर हाताने हलवून पाहिला, ढिम्म. मला वाटलं गेअर बॉक्सच गेला. मग विचार केला की आधी पाती सोडवू. बोल्टवर रिंग पाना लावला, पान्यावर चार फुटी पाईप घातला आणि लोंबकळलो. कडाक! मला वाटलं सुटला. बोल्टचं डोकं पान्यात आणि मी जमिनीवर.

त्या दिवशी पात्याचे तीन बोल्ट तोडले. ते परवडलं, कारण पात्याचे बोल्ट तसेही बदलायचेच असतात. पण मग मी तोच पाईप घेऊन बाजूच्या केसच्या झाकणाकडे गेलो आणि तिथला एक बोल्ट केसच्या आतच तुटला. तिथं मात्र पोटात गोळा आला. तो भाग बिडाचा. बीड वाकत नाही, तडकतं. केस तडकली असती तर अवजार खरंच भंगारात गेलं असतं, आणि ते मी घालवलं असतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्तरींना घेऊन आलो. पन्नास वर्षं पाने फिरवलेला माणूस. त्यांनी आधी पाईप उचलून भिंतीला लावून ठेवला आणि म्हणाले, "बाळा, ताकद शेवटी लावायची. आधी काय अडलंय ते शोध."

आधी शोधा, काय अडलंय

मिस्तरींनी पहिल्यांदा खाली वाकून रोटरची दोन्ही टोकं पाहिली. उजव्या टोकाला, बेअरिंगच्या बाजूला, एक काळा गोळा होता. मी तो माती समजत होतो. चाकूने खरवडला तर नायलॉनची सुतळी, ड्रिपच्या नळीचे तुकडे आणि मांडवाची तार. बागेत जे जे जमिनीवर पडतं ते सगळं रोटरला गुंडाळलं जातं. ते टोकाकडे सरकतं, ऑइल सीलमध्ये घुसतं, सील कापतं. सील कापलं की आतलं तेल बाहेर आणि बाहेरचं पाणी आत. आठ पावसाळे पाणी आत जात होतं. बेअरिंग गंजून एकजीव झालं होतं.

म्हणजे गेअर बॉक्स गेलाच नव्हता. अडलं होतं एका टोकाचं एक बेअरिंग. मी मात्र झाकणाशी मारामारी करत होतो.

मग त्यांनी गेअर बॉक्सचा खालचा ड्रेन प्लग सोडला. आधी थोडं पाणी आलं, मग ताकासारखं पांढरट तेल. तेलात पाणी मिसळलं की ते असं दिसतं. बोटावर घेऊन चोळलं, कणी लागली नाही. मिस्तरी म्हणाले, "दात शाबूत असतील. हा जगेल."

तुम्ही जुनं अवजार घ्यायला किंवा दुरुस्त करायला निघालात तर एवढं आधी तपासा. केसला तडा आहे का? तेलात पाणी आहे का, लोखंडाचा चुरा आहे का? गेअरचे दात तुटलेत का? हे तीन ठीक असतील तर वरचा गंज कितीही भयानक दिसू दे, घाबरायचं नाही. आणि हे तीन बिघडलेले असतील तर वरचा रंग कितीही चकचकीत असू दे, पैसे द्यायचे नाहीत.

गंज ही पाचर आहे

आता नट जाम का होतो ते समजून घेऊ. हे समजलं की निम्मं काम होतं.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते केसाएवढी. त्या फटीत गंज फुगतो. म्हणजे आत पाचर ठोकल्यासारखं होतं. तुम्ही पाना लावून जोर करता तेव्हा त्या पाचरीविरुद्ध जोर करत असता. बोल्ट पिळवटतो आणि तुटतो. म्हणून आधी पाचर ढिली करायची.

मिस्तरींची पद्धत अशी. पहिलं, तारेच्या ब्रशने बाहेर आलेल्या आट्या स्वच्छ करायच्या. हे मी केलंच नव्हतं. स्वच्छ न करता नट फिरवला तर तो पुढच्या गंजावर जाऊन पुन्हा अडकतो. दुसरं, तेल. दुकानात गंज सोडवायचा स्प्रे मिळतो, तो चांगला. नसेल तर पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल आणि डिझेल समप्रमाणात. आठ-दहा थेंब पुरतात, पण रोज. तिसरं, टकटक. हातोडीने नटाच्या चपट्या बाजूंवर हलके ठोके. त्या हादऱ्याने गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल आत जातं. चौथं, थांबायचं. संध्याकाळी तेल, सकाळी टकटक, पुन्हा तेल. आमचे काही नट चौथ्या दिवशी सुटले, काही नवव्या.

आणि पाचवं, जे मला उलटं वाटलं होतं: सोडवायच्या आधी किंचित आवळायचं. अगदी थोडं. गंजाची पकड एकदा तुटली की मग सोडवायचं. पाव आटा मागे, थोडं पुढे, तेल, पुन्हा मागे. कट्ट असा कोरडा आवाज आला तर सुटला. पाना मऊ लागायला लागला तर थांबायचं, कारण तेव्हा नट सुटत नसतो, बोल्ट पिळवटत असतो. हा फरक हाताला कळायला मला दोन आठवडे लागले.

जाळ कुठं, कुठं नाही

सहा नट तेलाला दाद देईनात. तिथं गॅसचा जाळ. गंमत बघा. लोखंड तापलं की फुगतं. २० मिलिमीटरचं भोक असलेला नट ३०० अंशांनी तापवला तर ते भोक साधारण ०.०७ मिलिमीटरने मोठं होतं. एका केसाची जाडी. पण फट मुळात तेवढीच असते, म्हणून एवढं पुरतं. फक्त नट तापवायचा, बोल्ट नाही. दोन्ही तापले तर दोन्ही फुगणार, मग उपयोग काय? गरम असतानाच आट्यांवर मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत शिरतं आणि वंगणाचं काम करतं.

पण जाळाचे नियम आहेत. आत्ताच तेल मारलेल्या जागी जाळ नाही, भडका उडतो. आधी पुसून घ्या, तेलाचे डबे लांब ठेवा, बाजूला वाळूची बादली ठेवा. बेअरिंग आणि सीलजवळ जाळ नाही. बंद गेअर बॉक्सला तर कधीच नाही. आत तेल आणि पाणी आहे, वाफेचा दाब होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टला तापवलं तर धूर विषारी असतो. डोळ्यांना गॉगल, हातात चामड्याचे मोजे. हे सगळं मी मिस्तरी समोर असताना केलं. एकट्याने करू नका.

आणि मी झाकणात तोडलेला तो बोल्ट? त्याच्या उरलेल्या तुकड्यावर वेल्डरने नट ठेवला आणि नटाच्या आतून वेल्डिंग केलं. तुकडा आणि नट एक झाले. वेल्डिंगच्या उष्णतेने तुकडा सैलही झाला होता. गार झाल्यावर पान्याने हळू फिरवला आणि तो अख्खा बाहेर आला. मी त्या तुकड्याची किल्लीची रिंग केलीय. त्या किल्लीबद्दल पुढे बोलू.

पाती काढताना फोन वापरा

पात्याचे जे बोल्ट सुटलेच नाहीत ते ग्राइंडरने कापले. तिथं दया दाखवायची गरज नाही. पण काढायच्या आधी फोनवर फोटो. प्रत्येक फ्लॅंजचा, दोन्ही बाजूंनी. कारण पाती डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात, आणि रोटरवर ती गोल जिन्यासारखी पुढे-पुढे सरकत बसवलेली असतात. म्हणजे सगळी एकदम जमिनीवर आदळत नाहीत, एकामागून एक लागतात. क्रम चुकला तर अवजार उड्या मारतं आणि गेअर बॉक्सवर धक्का बसतो. पात्याची धार ज्या दिशेने रोटर फिरतो त्या दिशेला हवी. नवे बोल्ट हाय टेन्साइलचेच घ्यायचे. साधा बोल्ट घालून वीस रुपये वाचवाल आणि चालत्या रोटरमधून पातं सुटून कुणाच्या तरी पायाला लागेल.

टबातली वीज

लिंकेजच्या पिना, खोली कमीजास्त करायच्या पट्ट्या, छोटे ब्रॅकेट, हे सगळं मी विजेने साफ केलं. याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात, शाळेत शिकलेलं. प्लॅस्टिकचा टब, पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या वस्तूला, पॉझिटिव्ह तार एका टाकाऊ लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. बारा व्होल्ट चालू केले की बुडबुडे येतात. रात्रभरात गंज काळ्या गाळासारखा होतो आणि ब्रशने निघून जातो. चांगलं लोखंड झिजत नाही, हा याचा फायदा.

यातल्या चुका पण ऐका. चार्जर जुन्या पद्धतीचा लागतो; नवे ऑटोमॅटिक चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय चालूच होत नाहीत. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच नाही, त्यातल्या क्रोमियममुळे पाण्यात विषारी क्षार उतरतात. सोड्याऐवजी मीठ नाही, क्लोरीन वायू निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तो पेट घेतो, म्हणून उघड्यावर करायचं आणि जवळ बिडी-सिगारेट नाही. आणि हाय टेन्साइल बोल्ट, स्प्रिंगा, बेअरिंग यात टाकायचे नाहीत. हायड्रोजनमुळे कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. वस्तूला हात लावण्याआधी चार्जर बंद.

बेअरिंगवरचे आकडे

गेअर बॉक्स आणि बाजूची केस डिझेलने तीनदा धुतली. दातांवर थोडे खड्डे होते, पण जिथं दात दाताला घासतो ती जागा गुळगुळीत होती. टोकाचं बेअरिंग मात्र पुलरने ओढून काढावं लागलं, आणि तेही तुकड्यांत.

पिंपळगावला स्पेअरच्या दुकानात गेलो तेव्हा एक छान गोष्ट शिकलो. आमच्या बेअरिंगवर ६२०७ असा नंबर होता. अशा नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं: ०७ गुणिले ५, म्हणजे ३५ मिलिमीटर. शाफ्टची जाडी. ०४ पासून पुढच्या नंबरांना हे चालतं. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. त्यामुळे 'अमुक मॉडेलचं सील नाही' असं दुकानदार म्हणाला तरी नाराज व्हायचं नाही, आकडे सांगायचे. सील बसवताना स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. उलटं बसवलं तर नवं सीलही गळतं.

मग केस बंद, नवं गॅस्केट, ९० नंबरचं गेअर ऑइल लेव्हलच्या प्लगपर्यंत. रोटर हाताने फिरवला. फिरला! आठ वर्षांनी. मी एकटाच शेडमध्ये तो गरागरा फिरवत बसलो होतो, पोरगं चाक फिरवतं तसा.

मागे वळून बघितलं तर आप्पा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. त्यांची नजर रोटरवर नव्हती. भिंतीला टेकवलेल्या शाफ्टवर होती.

शाफ्ट

आता ते सांगतो.

मी सतरा वर्षांचा होतो. सीटवर मी बसलो होतो. रोटरला तार अडकली. आप्पा मागून ओरडले, "थांब." मी ट्रॅक्टर थांबवला, पण पीटीओ बंद केला नाही. आप्पा तार काढायला वाकले आणि त्यांच्या लांब बाहीचं टोक शाफ्टला लागलं.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. सेकंदाला नऊ. शाफ्टची जाडी सहा सेंटीमीटर धरा, एका फेऱ्यात एकोणीस सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं. म्हणजे एका सेकंदात दीड मीटरच्या वर. अख्खी बाही एका सेकंदाच्या आत संपते. 'हात ओढून घेऊ' हा विचार डोक्यात यायच्या आत. सदरा जुना होता, टराटरा फाटला, म्हणून ते वाचले. मनगट दोन ठिकाणी मोडलं आणि दोन बोटं गेली. मी क्लच दाबला, पण तोपर्यंत झालं होतं.

शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर येतं. नवीन घेतला तेव्हा आमच्याही शाफ्टवर होतं. ग्रीस मारताना अडचण होते म्हणून आम्हीच काढून ठेवलं होतं. ते शेडच्या माळ्यावर पडलेलं होतं. दोष कुणाला देणार?

त्यानंतर रोटाव्हेटर कोपऱ्यात गेला. फवारणीचा ब्लोअर चालत राहिला, त्याच्या शाफ्टला कव्हर आहे, पण तो आप्पांनी पुन्हा कधी स्वतः जोडला नाही. ना ते मला काही बोलले, ना मी त्यांना. घरात त्या कोपऱ्याचं नाव कुणी घेत नव्हतं. मला एवढी वर्षं वाटायचं की तो गंजामुळे बंद आहे. गंज तर पुढच्या दोन पावसाळ्यांत चढला. बंद तो त्या दिवशीच पडला होता.

म्हणून शाफ्टच्या कामाला मी पूर्ण एक आठवडा दिला. दोन्ही क्रॉस नवे. शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात, ते गंजून एक झाले होते; तेल, टकटक आणि सहा दिवस. परत जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. ते आडवे-उभे बसले तर शाफ्ट झटके देत फिरतो आणि क्रॉस लवकर जातात. काम करताना दोन्ही भाग निदान एक तृतीयांश एकमेकांत असले पाहिजेत. आणि वर नवं कव्हर. कव्हरला दोन बारीक साखळ्या असतात, एक ट्रॅक्टरला, एक अवजाराला अडकवायची. साखळी अडकवली की आत शाफ्ट फिरतो आणि कव्हर स्थिर राहतं. साखळी न लावलेलं कव्हर शाफ्टबरोबर फिरू शकतं, मग ते असून नसल्यासारखं. ट्रॅक्टरच्या पीटीओवर पत्र्याची टोपी असते, तीही बसवली.

ग्रीस मारायला अडचण होते? होते. दोन मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

वाफसा

वर्कशॉपचा रंग वगैरे मी थोडक्यात उरकलं: ब्रश, रेड ऑक्साइड, वर एक हात निळा. सगळा खर्च मिळून चौदा हजारांच्या आत बसला, त्यात पात्यांचा पूर्ण सेट आणि शाफ्टचं कव्हर सगळ्यात महाग. जूनमध्ये चांगला पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी माती मुठीत दाबून पाहिली, गोळा झाला आणि बोट लावल्यावर फुटला. वाफसा.

आधी अवजार उचलून, कमी आरपीएमवर दहा मिनिटं रिकामं फिरवलं. मग बंद करून केसला हात लावला, कोमट. तेल कुठं गळत नाही. मग ओळीत उतरलो. ताग पेरायचा होता, म्हणून खोली कमीच ठेवली. तसंही रोटाव्हेटर सारखा आणि एकाच खोलीवर फिरवू नये, खाली मातीचा कडक थर धरतो.

दुसऱ्या ओळीत आवाज बदलला. काहीतरी अडकलं होतं. मी पीटीओ बंद केला, इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली आणि उतरलो. बघतो तर आप्पा बांधावरून चालत येत होते. मी म्हटलं, "तुम्ही थांबा, मी बघतो."

त्यांनी डावा हात पुढे केला. "चावी दे इकडं."

मी ती दिली, तुटक्या बोल्टच्या रिंगसकट. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, खिशाला बटण लावलं, आणि मग रोटरपाशी खाली बसले. आठ वर्षांनी पहिल्यांदा. ड्रिपच्या नळीचा तुकडा होता. त्यांनी तीन बोटांनी तो ओढून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी बाग झाडून घ्यायची, मग अवजार घालायचं. मिस्तरींनी नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं."

"मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी चावी परत दिली आणि ते ओळीच्या कडेने पुढे चालत, पडलेल्या तारा-नळ्या उचलत गेले. मी मागून रोटाव्हेटर घेऊन.

तर मंडळी, तुमच्या घरी असं काही पडून असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. आधी शोधा काय अडलंय. तेल द्या आणि वेळ द्या, पाईप शेवटी. काढण्याआधी फोटो. आणि शाफ्टला कव्हर नसेल तर अवजार दुरुस्त झालंय असं म्हणू नका, ते अजून मोडलेलंच आहे. मागे जो जाईल त्याच्या खिशात चावी. हा नियम आमच्या घरात आता आईलाही पाठ आहे.

हा भाग तुमच्या ओळखीतल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला नक्की पाठवा. आज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन शाफ्टवर कव्हर आहे का तेवढं बघा. माळ्यावर असेल तर खाली काढा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सांभाळून. राम राम!